अण्णांचा फळा

२० मे २०२५. मंगळवारची सकाळ. पुण्यात डॉ. जयंत नारळीकर गेल्याची बातमी आली तेव्हा मी बंगळूरमधल्या कोरमंगलाच्या आमच्या घरी, बाल्कनीत, हातात ओले फडके घेऊन उभी होते. समोर अण्णांचा फळा होता. मनात पहिला विचार आला तो असा, की अण्णांना सांगायला हवे!

अण्णांना जाऊन तेव्हा सात वर्षे होत आली होती.

अण्णा म्हणजे माझे वडील. कोल्हापुरातल्या एका शाळेत त्यांनी छत्तीस वर्षे गणित शिकवले. १९९८ साली निवृत्त झाले. त्यांच्यावर कुठे लेख आला नाही, की त्यांना आदर्श शिक्षकाचा पुरस्कार मिळाला नाही. एकदा मुख्याध्यापकांनी त्या पुरस्काराचा अर्ज भरायला सांगितला होता. अण्णा म्हणाले, "मी चांगला आहे, असं मीच लिहून द्यायचं होय?" आणि तो कोरा अर्ज कच्चे काम करायला घरी घेऊन आले. त्याच्या मागच्या बाजूवर मी नववीची भूमिती सोडवली आहे.

अकरा रुपयांची खरेदी

१९७७ साली शाळेत भिंतींवर सिमेंटचे फळे झाले आणि जुने लाकडी फळे लिलावात निघाले. अण्णांनी त्यातला एक, तिवईसकट, अकरा रुपयांना घेतला. हातगाडीवर घालून रंकाळ्याजवळच्या आमच्या दोन खोल्यांच्या घरी आणला. आईने कपाळावर हात मारला. "माणसं कपाट घेतात, पलंग घेतात. आणि हे बघा!"

तिचे काही चुकले नव्हते. घरात आम्ही पाच माणसे, त्यात आजी अंथरुणाला खिळलेली. फळा ठेवायला एकच जागा होती, स्वयंपाकघर आणि बाहेरची खोली यांच्या मधला कोपरा. त्यामुळे ताट घेऊन जाताना, पाणी आणताना, केस विंचरताना तो दिसायचाच. दर दसऱ्याला अण्णा त्याला काळा रंग द्यायचे. रंग वाळला की आम्ही भावंडे पाटीवर काढतात तशी एक-एकच्या आकड्यांची सरस्वती त्या फळ्यावर काढायचो. वर्षातून तेवढा एक दिवस फळ्यावर प्रश्न नसायचा.

बाकी रोज असायचा. खाली उत्तर कधीच नसायचे.

अण्णा आदर्श वडील होते असे मी म्हणणार नाही. ते कौतुक करत नसत. संध्याकाळी दहा-पंधरा मुले फुकट शिकायला यायची. अण्णांना त्याचा अभिमान होता. पण त्या मुलांसाठी चहा, पाणी, कधी पोहे करणारी आई होती आणि तिचे गुडघे दुखत होते. हे त्यांच्या लक्षात यायला फार वर्षे गेली. आई गेल्यावर ते एकदा मला म्हणाले, "तिचा हिशेब माझ्याकडून राहिला." तेव्हा मी काही बोलले नाही. समजूत घालावी असे वाटलेच नाही, कारण ते खरेच होते.

असं का?

मी आठवीत होते, साल १९७९. सहामाहीत मला गणितात शंभरापैकी एकोणतीस गुण पडले. गणिताच्या मास्तरांची मुलगी गणितात नापास! शिक्षकांच्या खोलीपासून शिपाईमामांपर्यंत सगळ्यांना ते माझ्या आधी कळले होते. मी घरी येऊन पांघरूण घेऊन झोपले. आता ओरडा बसणार, नाहीतर रोज पहाटे उठवून शिकवणी सुरू होणार, असे वाटत होते.

दोन्ही झाले नाही. रात्री उठले तेव्हा फळ्यावर एवढेच होते:

१ = १
१ + ३ = ४
१ + ३ + ५ = ९
१ + ३ + ५ + ७ = १६
असं का?

मी म्हटले, "हे सगळे वर्ग आहेत. एकाचा, दोनाचा, तिनाचा, चाराचा."

"ते दिसतंय की," अण्णा म्हणाले. "का?"

एक दिवस गेला, दोन गेले. मी पुढच्या ओळी करून पाहिल्या. नऊ मिळवले, पंचवीस आले. अकरा मिळवले, छत्तीस आले. दर वेळी वर्गच येत होता, पण तो का येतो ते कळत नव्हते. चौथ्या दिवशी मी चिडून सांगितले, "मला येत नाही. सांगा आता." अण्णा म्हणाले, "असू दे की. फळा कुठे जातोय?" आईने रदबदली केली. मामा आले होते, त्यांनीही केली. प्रश्न तसाच. त्या दिवसांत मला वडिलांचा इतका राग येत होता, की मी त्यांच्या पंगतीला जेवायला बसत नव्हते.

अकराव्या दिवशी वसुबारस होती. आई अंगणात ठिपक्यांची रांगोळी काढत होती. तिने आधी चार बाय चार ठिपके घातले. मग तिला ती लहान वाटली. म्हणून तिने उजव्या बाजूला चार ठिपक्यांची एक उभी ओळ जोडली, खाली चार ठिपक्यांची एक आडवी ओळ जोडली आणि कोपऱ्यात रिकामा राहिलेला एक ठिपका दिला. चार, चार आणि एक. नऊ! सोळात नऊ मिळवले की पंचवीस. चौकोन मोठा करायचा तर प्रत्येक वेळी दोन बाजूंना ओळ द्यावी लागते आणि कोपऱ्याचा एक ठिपका वर. म्हणून तर विषम संख्या!

मी धावत आत गेले. अण्णा तोंडाला साबण लावून दाढी करत होते. मी भडाभडा सांगितले. त्यांनी आरशातूनच विचारले, "कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. आईनं रांगोळी काढली."

"मग तिला विचार, तिला हे कधीपासनं येतंय!"

शाब्बास म्हटले नाही. अर्ध्या दाढीने उठले, फळा पुसला आणि लिहिले: २ + ४ + ६ + ८. असं घेतलं तर काय होतं?

ते दोन दिवसांत सुटले. (ठिपके मांडून बघा, चौकोन होत नाही, पण जे होते तेही छान आहे.) वार्षिक परीक्षेत मला बासष्ट गुण पडले. मी काही गणिती झाले नाही, बँकेत लागले. पण कुठला आकडा डोळ्यांपुढे आला की आजही मी मनात त्याचे ठिपके मांडून पाहते.

बनारसचे दोन फळे

अण्णांच्या पाकिटात वर्तमानपत्राचे एक पिवळे पडलेले कात्रण असायचे. १९६४ च्या जूनमध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीत फ्रेड हॉईल आणि जयंत नारळीकर यांनी गुरुत्वाकर्षणाचा नवा सिद्धांत मांडला. पंचवीस वर्षांच्या त्या मराठी मुलाचे नाव घरोघरी झाले. पुढच्या वर्षी त्यांना पद्मभूषण मिळाले. नारळीकरांचा जन्म कोल्हापूरचा, १९ जुलै १९३८ चा. अण्णा त्यांच्याहून दोन वर्षांनी लहान. "वस्तूचं वस्तुमान तिचं एकटीचं नसतं, विश्वातल्या बाकीच्या सगळ्या वस्तूंमुळे ते ठरतं, असं म्हणतोय हा पोरगा," अण्णा वर्गात सांगत. तो सिद्धांत पुढे सर्वमान्य झाला नाही, हेही ते तितक्याच मोकळेपणाने सांगत.

मात्र त्यांचा खरा जीव होता तो मुलापेक्षा वडिलांवर. "लेकाचं सगळ्यांना ठाऊक आहे. बापाचं बघ," म्हणायचे. विष्णू वासुदेव नारळीकर यांचा जन्मही कोल्हापूरचाच, १९०८ चा. ते केंब्रिजला जाऊन रँग्लर झाले. पंडित मदनमोहन मालवीयांनी बोलावले म्हणून १९३२ साली, ऐन तारुण्यात, बनारस हिंदू विद्यापीठात गणित विभागाचे प्रमुख म्हणून आले. आपल्याकडे आइन्स्टाइनच्या सापेक्षतेवर काम करणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते, त्या काळात त्यांनी तिथे तो विषय रुजवला. गुजरातचे प्र. चु. वैद्य १९४० नंतरच्या काळात त्यांच्याकडे बनारसला येऊन राहिले. प्रकाश बाहेर टाकणाऱ्या ताऱ्याभोवतीच्या गुरुत्वाकर्षणाचे जे उत्तर त्यांनी १९४३ मध्ये काढले, ते आजही जगभर वैद्यांच्या नावाने शिकवतात. विष्णुपंत पुढे अजमेरला राजस्थान लोकसेवा आयोगाचे अध्यक्ष झाले, मग पुण्याला विद्यापीठात प्राध्यापक. १९९१ च्या एप्रिलमध्ये ते गेले तेव्हा अण्णांनी शाळेत दोन मिनिटे उभे राहायला सांगितले होते. वर्गातल्या मुलांना कुणासाठी उभे राहिलो हे कळलेही नसेल.

२०१२ साली जयंतरावांचे 'चार नगरांतले माझे विश्व' हे आत्मचरित्र आले. तेव्हा अण्णा माझ्याकडे कोरमंगलालाच राहत होते. पुस्तक मी पुण्याहून मागवून घेतले. अण्णा रोज वीस पाने वाचायचे, त्याहून जास्त नाही. एका दुपारी मी बँकेत असताना त्यांचा फोन आला. एरवी ते कधी फोन करत नसत. मला धडकीच भरली.

"अगं, त्यांच्या घरीसुद्धा फळा होता!"

बनारसच्या घरात विष्णुपंतांनी मुलांसाठी भिंतीवर दोन फळे बसवून घेतले होते. मुलांचे मामा मोरेश्वर हुजूरबाजार एम.एस्सी. करायला बनारसला येऊन राहिले होते. ते एका फळ्यावर भाच्यासाठी आव्हान म्हणून गणित लिहून ठेवत. सुटेपर्यंत, किंवा भाचा हरलो म्हणेपर्यंत, ते पुसायचे नाही असा नियम. रात्री झोपताना आई सुमतीबाई गोष्टी सांगत. त्या संस्कृतच्या अभ्यासक होत्या. अण्णांनी फोनवर हे सगळे मला वाचून दाखवले. काउंटरपलीकडे रांग लागली होती. पण मी फोन ठेवला नाही.

मी विचारले, "मग तुम्ही त्यांना पत्र का लिहीत नाही?" मुले स्वाक्षरी मागायला आली की नारळीकर त्यांना पोस्टकार्डावर विज्ञानातला प्रश्न पाठवायला सांगत आणि स्वतः उत्तर लिहीत, हे तर प्रसिद्धच होते. अण्णा म्हणाले, "ती कार्डं पोरांसाठी आहेत. आपण कशाला त्यांचा वेळ घ्यायचा?"

तीन शब्दांची कानडी

अण्णा बंगळूरला आले ते २००३ मध्ये, आई गेल्यानंतर. कोल्हापूरचे घर आवरताना त्यांनी भांडी वाटून टाकली, पलंग देऊन टाकला. ट्रकमध्ये पुस्तकांच्या सहा पेट्या आणि फळा आला. आमच्या इमारतीतल्या लोकांना वाटले, शिकवणीचे वर्ग सुरू होणार. सोसायटीच्या सचिवांनी तशी चौकशीही केली!

कोरमंगला हे तेव्हाही गजबजलेले होतेच. १९९७ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी बांधलेले क्रीडाग्राम, सेंट जॉन्स रुग्णालय, २००४ मध्ये उघडलेला फोरम मॉल. २००७ साली इथल्याच एका सदनिकेत दोन तरुणांनी फ्लिपकार्ट सुरू केले आणि मग गल्लीगल्लीत संगणकवाल्या पोरांची कार्यालये झाली. इथले भाग क्रमांकांनी ओळखतात: पहिला ब्लॉक, दुसरा ब्लॉक, असे आठव्यापर्यंत. पण एकापुढे दोन आणि दोनापुढे तीन येईल अशी अपेक्षा ठेवून निघालेला माणूस हमखास चुकतो. अण्णांना याचा फार राग. "अंक दिलेत ना? मग क्रम पाळा!" महिनाभर हिंडून त्यांनी स्वतःचा नकाशा काढला. मी काळजी केली की म्हणायचे, "सोळाशे अडतीसपासून हे शहर शहाजीराजांच्या जहागिरीत होतं. मला कोण हरवणार?"

त्यांच्या फेरीचा शेवट ठरलेला असे. दुसऱ्या ब्लॉकमध्ये भारतीय ताराभौतिकी संस्था आहे. कोडाईकनालची जुनी वेधशाळा आणि कावलूरची मोठी दुर्बीण, दोन्ही तिच्याच. फाटकावरची पाटी वाचून अण्णा परत फिरत. एका वर्षी विज्ञान दिनाच्या सुमारास तिथे लोकांना आत सोडत होते. अण्णा माझ्या मुलाला घेऊन रांगेत उभे राहिले आणि दुर्बिणीतून सूर्यावरचे डाग पाहून आले. डाग काळे दिसले तरी तिथे सुमारे चार हजार अंश तापमान असते. भोवतालचा भाग साडेपाच हजारांचा म्हणून तो काळा दिसतो, हे तिथल्या एका तरुण संशोधिकेने त्यांना समजावून सांगितले. घरी आल्यावर तीन दिवस दुसरा विषय नव्हता. "चार हजार अंश, आणि तरी काळा! शेजारी कोण आहे त्यावर आहे बघ सगळं."

फळा बाल्कनीत होता. हळूहळू इमारतीतली मुले जमू लागली. कन्नड, तमिळ, बंगाली, बिहारी, सगळी. ती अण्णांना 'ताता' म्हणत. अण्णांना कानडीतले तीनच शब्द येत: एष्टु, म्हणजे किती, याके, म्हणजे का, आणि गोत्तिल्ला, म्हणजे माहीत नाही. एवढ्यावर ते गणित शिकवत. तिसरा शब्द ते स्वतः सर्वांत जास्त वापरत. मुलाने उत्तर विचारले की दोन्ही हात वर करून म्हणायचे, "गोत्तिल्ला!" मुले खदखदून हसायची आणि पुन्हा फळ्याकडे वळायची. चहा आता मी करत होते. पण कप अण्णा विसळत. न सांगता.

क्रम चुकला

२०१४ च्या डिसेंबरमध्ये नारळीकरांच्या त्याच पुस्तकाला साहित्य अकादमीचा पुरस्कार जाहीर झाला. मी आनंदाने सांगायला गेले. अण्णांनी पुस्तक हातात घेतले, उलटसुलट पाहिले आणि म्हणाले, "चांगलं दिसतंय. वाचायला पाहिजे."

मी थट्टा समजले. ती थट्टा नव्हती.

डॉक्टरांनी स्मृतिभ्रंशाचे निदान केले. त्यावर औषध आहे, पण ते आजार थांबवत नाही, गेलेले परत आणत नाही, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. पुढची साडेतीन वर्षे कशी गेली ते सविस्तर लिहीत नाही. ज्यांच्या घरात हे झाले आहे त्यांना ठाऊक आहे, इतरांना सांगून कळत नाही. एवढे सांगते, की मी नेहमी चांगली वागले नाही. एकच गोष्ट एका तासात बाराव्यांदा विचारल्यावर मी त्यांच्यावर ओरडले आहे. त्यांनी माझ्यावर कधी आवाज चढवला नव्हता, ते मला त्यानंतर आठवायचे.

एकदा ते हरवले. स्वतःचा नकाशा काढलेल्या त्याच रस्त्यांवर. अंधार पडल्यावर, जेवण पोचवणारा एक मुलगा त्यांना मोटारसायकलवर मागे बसवून घेऊन आला. त्यांच्या खिशात मी माझ्या नंबरची चिठ्ठी ठेवली होती, ती त्याला सापडली. "रंकाळा कुठे आहे असं विचारत होते," तो मुलगा म्हणाला. पैसे घ्यायला तयार होईना. अण्णांनी त्याला सांगितले, "रविवारी ये. कच्चा असलास तरी हरकत नाही."

मुले यायची थांबली. कुणी मना केले नाही, आपोआप थांबली. फळा रिकामा पडला. तेव्हा मीच त्याचा उपयोग करायचे ठरवले. सकाळी बँकेत जाताना ठळक अक्षरांत लिहून ठेवायचे, म्हणजे दुपारी अण्णा बावरले तर त्यांना वाचता येईल. सांभाळायला एक मावशी होत्या, पण त्यांना मराठी येत नव्हते. मी लिहायचे: आज सोमवार. आई आता नाही. आपण बंगळूरला आहोत. मी बँकेत गेले आहे. सहाला येईन.

'आई आता नाही' ही ओळ मी दोन दिवसांत काढून टाकली. रोज नव्याने ते कळण्यात काय अर्थ होता?

एके संध्याकाळी घरी आले. अण्णा खुर्चीत झोपले होते, बोटांना खडू लागला होता. फळ्यावर माझ्या अक्षरात, 'आपण बंगळूरला आहोत,' आणि त्याखाली त्यांच्या वळणदार अक्षरात, जरा थरथरत:

असं का?

मी किती वेळ तिथे उभी होते कोण जाणे. मावशी म्हणाल्या, आजोबा दुपारभर फळ्यासमोर बसून होते. मला उत्तर सुचेना. तुमची आठवण जाते आहे म्हणून, तुम्हाला एकटे ठेवता येत नाही म्हणून, घर विकले म्हणून. सगळी कारणे खरी होती, आणि त्यातले एकही फळ्यावर लिहिण्यासारखे नव्हते. त्या रात्री मी काहीच लिहिले नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. अण्णांनी तो प्रश्न पुसला नाही, मीही नाही. चौथ्या दिवशी सकाळी चपला घालता घालता परत वळले, खडू घेतला आणि खाली लिहिले, 'कारण मी इथे आहे.'

संध्याकाळी आले तेव्हा त्या ओळीपुढे बरोबरची खूण होती. छत्तीस वर्षे वह्यांवर करायचे तशीच, शेपूट वर ओढलेली.

ती मी पुसली नाही. जूनमध्ये तिरपा पाऊस बाल्कनीत आला, त्यात ती गेली.